स्वतःपुरती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — खरं सांगू? — तुम्ही मला ओळखत नाही. उद्या समोरासमोर येऊन तोंड चुकवायचा प्रश्न नाही. सुरुवातच अशी भित्री झाली. पण आहे हे असं आहे.

बाहेरून बघितलं तर गोष्ट इतकी लहान की तुम्ही हसाल. एका पुस्तकाची एक जास्तीची प्रत. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून मी एक शब्द बोललो. माणसं याहून कितीतरी मोठं काय काय करतात आणि आरामात जगतात, मग मलाच का —

नाही. असं सुरू केलं की मी हळूच निसटायला बघतो. क्रमाने सांगतो.

माझी बायको वसुधा गेली, त्यानंतरचं ते वर्ष. ताप आला, साधाच वाटला, मग साधा राहिला नाही. मुलगी बंगलोरला. मी डोंबिवलीत एकटा, ऑफिस ठाण्याला. आठवडा ऑफिसात निघून जायचा, रविवार जाता जायचा नाही. सुहास तेव्हा दर रविवारी दुपारी येऊन बेल वाजवायचा. कॉलेजपासूनचा मित्र, पश्चिमेला कोपरला राहायचा. कसा आहेस, जेवलास का, असलं काही विचारायचा नाही. दारातूनच म्हणायचा, “चप्पल घाल.” मी चप्पल घालायचो.

त्याच्या घरी खेळ चालायचा. पत्ते नाहीत, कॅरम नाही, मोबाइलवरचा तर नाहीच नाही. पुस्तकाचा खेळ. एकाने पुस्तक वाचायचं, त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो, आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सूत्रधार सांगणार, समोर दलदल आहे, भरती चढतेय, काय करता? आपण सांगायचं, फासे टाकायचे, आणि पुढे काय झालं ते तो पुस्तकात बघून सांगणार. नियम एकच. पुस्तक फक्त सूत्रधाराने वाचायचं. दुसऱ्याने वाचलं की खेळ संपला, कारण मग गोष्ट आधीच ठाऊक.

पन्नाशीतली माणसं असं खेळतात म्हटल्यावर लोक हसायचे. आम्हीही हसायचो. नंदिनी होती, कल्याणला शाळेत गणित शिकवायची, फासा पडायच्या आत शक्यता सांगून मोकळी व्हायची. आणि भोईरकाका. मूळचे तिथलेच, सुहासची बिल्डिंग त्यांच्याच जुन्या शेतावर उभी. ते खेळायला कमी आणि चुका काढायला जास्त यायचे. “आरं, माजा आजा मिठागरान र्‍हायला,” ते म्हणायचे, “मना काय शिकवतं तुजं बुक?” मग खारी चहात बुडवून ऐकत बसायचे, आणि आपली पाळी चुकली की रागवायचे.

त्या वर्षीच्या पुस्तकाचं नाव ‘खाजणवाट’. खाडीकाठच्या गावांची गोष्ट. ठाण्याच्या गौरी नावाच्या बाईंनी लिहिलेलं. चित्रं, नकाशे, सगळं त्यांनीच केलेलं. दुकानात मिळायचं नाही. त्यांच्याकडून फाइल विकत घ्यायची. आणि त्या फाइलची एक गंमत होती. प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ: ‘ही प्रत सुहास माधव टिळेकर यांनी विकत घेतली आहे. स्वतःपुरती छापून घ्यायला हरकत नाही.’ पान कुठलंही काढा, खाली सुहासचं नाव. त्याला त्याचं फार कौतुक होतं. म्हणायचा, छापील पुस्तकात नाव यावं अशी आयुष्यभराची इच्छा, ती ही अशी पुरी झाली, तळाला का होईना.

या बोलण्यात नुसता विनोद नव्हता. सुहास गौरीबाईंना लांबलचक पत्रं लिहायचा, ईमेलवर. अमुक वळण कच्चं आहे, तमुक ठिकाणी असं केलं तर? बाईंना ते पटायचं. दुसरा भाग दोघांनी मिळून लिहायचा, कव्हरवर दोघांची नावं, असं ठरत आलं होतं. त्याने हे फक्त मला सांगितलं होतं, जिन्यात उभं राहून, हळू आवाजात.

आता माझं सांगतो.

त्या खेळात मी नावाडी होतो. पहिल्याच रविवारी सुहासने सांगितलं, नावाड्याची बायको घरी नाही, माहेरी गेलीय, खाडीपलीकडच्या गावाला. बरं, म्हटलं. पण माझी पाळी आली की मी म्हणायचो, होडी काढतो, तिच्या माहेरी जातो. आणि दर वेळी काहीतरी आड यायचं. धुकं. ओहोटी. वल्हं मोडलं. एकदा तर पलीकडच्या धक्क्यावर वाघ आला. भोईरकाकांनी खाडीतल्या वाघावरून सुहासला पुढचे दोन रविवार सोडलं नाही.

मी हसलो नाही. मी बघत होतो. सुहास तेव्हा लॅपटॉपवरून वाचायचा, आणि इतरांची पाळी असली की धडाधड वाचायचा. माझी आली की थांबायचा. पान वर न्यायचा, खाली आणायचा, ओठ आवळायचा, मग माझ्याकडे न बघता बोलायचा. फक्त माझ्याच वेळी. एकदा लक्षात आलं की सुटत नाही ते. त्या गावात काहीतरी आहे, मला वाटायला लागलं. पुस्तकातलं सगळ्यात मोठं काहीतरी, आणि हा मला तिथे पोचू देत नाहीये. का? नंदिनी जिंकावी म्हणून? की मी हल्ली केविलवाणा दिसतो म्हणून मला नुसतं बसवून ठेवायचं, लहान मुलाच्या हातात रिकामा कप देतात तसं?

हसू नका. किंवा हसा. एकटा माणूस आठवडाभर भिंतींशी बोलतो, आणि भिंती त्याचंच म्हणणं परत ऐकवतात. सोमवारी जो संशय असतो त्याची शनिवारपर्यंत खात्री झालेली असते. शिवाय माझं कामच ते. मी ऑडिटमधला. कागद समोर आला की हातात हिरवी पेन्सिल, जुळलं की टिक, नाही जुळलं की टिक आणि शेजारी एक ठिपका. ती सवय अंगात इतकी मुरलेली की सुहास म्हणायचा, अव्या लग्नपत्रिकेवरसुद्धा टिक मारून आहेर करतो.

मग एक दिवस सुहासनेच माझ्या हातात पेनड्राइव्ह दिला. लॅपटॉपने डोळे दुखतात, म्हणाला, आणि वाचताना मागचं पुढचं दोन्हीकडे बोट ठेवता येत नाही. तू ठाण्याला जातोसच, तर खोपटला डेपोसमोरच्या गल्लीत छापून आण, तिथे नकाशे चांगले निघतात. “एकच काढ,” तो म्हणाला. “ती ओळ आहे ना खाली. स्वतःपुरती.” आणि वर हसत, “वाचू नकोस हां, नावाडी.”

वाचू नकोस हां. हे त्याने का म्हणावं? — बघा, त्या वेळी माझं डोकं असं चालत होतं.

दुकानात मशीनचा आवाज, शाईचा वास, पुढे कुणाच्या तरी लग्नाच्या बायोडेटाचं काम चाललेलं. दुकानदाराने पेनड्राइव्ह लावला आणि मान वर न करता विचारलं, “काका, किती सेट?”

दोन, मी म्हणालो.

ठरवून गेलो होतो का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ठरवून गेलो नव्हतो असं म्हणायला आवडलं असतं. पण मी घरून निघताना दुसरी पिशवी घेतली होती.

एक सेट स्पायरल करून सुहासला दिला. त्याने पानांवरून हात फिरवला, तळाचं नाव वाचलं, खूश झाला. दुसरा माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना उघडला, हिरवी पेन्सिल घेऊन. सुहासने सांगितलेलं आणि पुस्तकात छापलेलं, एकेक ताडून बघायचं. जिथे जुळत नाही तिथे टिक आणि ठिपका. मला त्याला पकडायचं होतं. एवढी हुशारी, एवढी भूक बऱ्याच महिन्यांनी अंगात आली होती. डब्यातली भाजी तशीच राहिली.

खाडीपलीकडे गाव नव्हतंच. आख्ख्या पुस्तकात तसलं गाव नव्हतं. धुकं नव्हतं, मोडलेलं वल्हं नव्हतं, वाघ तर नव्हताच. पहिल्या प्रकरणात, नावाड्याच्या पानावर, गौरीबाईंनी लिहिलं होतं: ‘नावाड्याची बायको तापाने जाते. नावाडी तिला घेऊन खाडी ओलांडत असताना होडीतच जाते.’ आणि मग ते सगळं, सूत्रधाराने मोठ्याने वाचायचं म्हणून, पानभर. तिचा हात कसा. पाणी कसं.

मी त्या ओळीला टिक केली. ठिपका दिला. शेजारी समासात लिहिलं — ‘माहेरी?’ सवयीने. प्रश्नचिन्हासकट. आणि मग पेन्सिल खाली ठेवली.

तो दर रविवारी त्या पानापाशी येऊन थांबत होता. सगळ्यांसमोर, त्या क्षणी सुचेल ते बनवून मला तिथून दूर नेत होता. आणि मी मात्र दर रविवारी होडी काढून तिच्याकडेच निघत होतो.

त्याच दिवशी जायला हवं होतं मी कोपरला. सांगायला हवं होतं, सुहास, मी वाचलं. काय झालं असतं? चिडला असता, रडलो असतो, चहा झाला असता. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगणं आलं की मी दोन काढल्या. तुझ्यावर संशय घेतला, तुझा खेळ तपासला, ऑडिटरसारखा. मी नाही गेलो. पुढच्या रविवारी खेळायला मात्र गेलो. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, मिठागराकडे जातो. माहेराचं नाव काढलं नाही. सुहासने पुस्तकातून वर बघितलं, क्षणभरच. मग वाचायला लागला, आणि पहिल्यांदा माझ्या पाळीला न थांबता वाचत गेला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ती प्रत जाळायची, फाडायची, काहीतरी करायचं होतं. ड्रॉवरमध्येच राहिली. ऑफिसातल्या साळवीने एकदा बघितली, त्याचा भाचा असले खेळ खेळतो म्हणाला, थोडे दिवस देता का? दिली. ओझं तेवढंच कमी, असं वाटलं. भाच्याने वाचून परत पाठवली. मधल्या काळात मोबाइलवर एकेक पान स्कॅन करून दोस्तांच्या ग्रुपवर टाकली होती, हे मला नंतर कळलं. तिथून ती कुठे कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. जिथे गेली तिथे प्रत्येक पानावर सुहासचं नाव घेऊन गेली.

गौरीबाई स्वतः आल्या. रविवारी, खेळाच्याच वेळी. बारीक, शांत बाई, आवाज न चढवणारी. मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हे माझ्या मावसबहिणीला कुणीतरी फुकट पाठवलं. आता कुणीच विकत घेत नाही. मला भांडायचं नाही, फक्त कसं झालं ते सांगा.

सुहास म्हणाला, मी एकच छापली, ही बघा. आणि स्पायरलची प्रत आणून ठेवली.

मग ते सुरू झालं. कुणी उघड काही म्हणत नव्हतं, पण टेबलाभोवतीची हवाच बदलली. नंदिनीने विचारलं, फाइल कुणाला पाठवलेलीस का रे? भोईरकाका म्हणाले, “सांगून टाक ना. दिली आसंल कुना पोराला. फाशी नाय देत कोनी.” चांगल्या मनाने म्हणाले, पण धरून चालले की दिलीच असणार. सुहास नुसता नकारार्थी मान हलवत होता. मग नंदिनी माझ्याकडे वळली. दुकानात फाइल राहिली असेल का अविनाश? तूच छापून आणलीस ना?

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिने. हो म्हटलं असतं, राहिली असेल बहुतेक, तर एका न बघितलेल्या दुकानावर गेलं असतं सगळं. तेही खोटंच. पण सुहास सुटला असता. मला तेवढंसुद्धा धाडस झालं नाही, कारण दुकानाची चौकशी झाली असती तर? दुकानदाराला आठवलं असतं तर, की काकांनी दोन काढल्या?

“छे,” मी म्हणालो. “मी समोर उभा होतो. फाइल पुसायला लावली. एकच प्रत काढली.” आणि कुणी विचारलेलं नसताना पुढे म्हणालो, “आणि नाव तर सुहासचंच आहे ना पानापानावर.”

हे ते. हे सांगायला मी इतकं लांबून आलो. दुसरी प्रत नव्हे, हे वाक्य. सगळी दारं मी एकेक करून लावली आणि तो आत राहील असं बघितलं.

सुहासने गौरीबाईंचा मोबाइल उचलला. पानं सरकवत गेला. एका पानावर थांबला, दोन बोटांनी मोठं केलं. स्कॅन काळंपांढरं होतं, हिरवा रंग त्यात दिसत नव्हता. पण टिक दिसते. ठिपका दिसतो. अक्षर दिसतं. कॉलेजात ज्याच्या नोट्स उतरवून आपण पास झालो त्याचं अक्षर माणूस ओळखत नाही का? मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. मग त्याने मोबाइल पालथा ठेवला.

“माझ्या नावावर आहे, म्हणजे माझीच प्रत,” तो गौरीबाईंना म्हणाला. “नुकसान माझ्यामुळे झालं तुमचं.”

बाई आणखी काही ऐकायला थांबल्या. त्याने स्पायरलची प्रत स्वतःकडे ओढून घेतली. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि निघाल्या. दाराशी म्हणाल्या, तुमच्याकडून वाटलं नव्हतं टिळेकर. त्या वाक्याने सुहासचा चेहरा कसा झाला ते मी बघितलंय. नाही, वर्णन करणार नाही.

‘खाजणवाट’चा दुसरा भाग आला, वर्षभराने. कव्हरवर एकच नाव. नंदिनीचे रविवार मग क्लासमध्ये जायला लागले. भोईरकाका जिन्यात भेटले की सुहासला म्हणायचे, आमचा सूत्रधार लई उदार, आखं बुक वाटून टाकलं, आणि पाठीवर थाप मारायचे. सुहास हसायचा. बाई येऊन गेल्या त्याच्या पुढच्याच रविवारी माझ्या दाराची बेल वाजली नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटल्यासारखं. ज्या माणसाने मला महिनोन् महिने घराबाहेर काढलं, तो येत नाही म्हणून मी चहा जरा जास्त गोड करून प्यायलो.

नंतर तो कल्याणला मुलाकडे राहायला गेला. आम्ही भांडलो नाही कधी. दिवाळीला मेसेज असतो. माझ्या मुलीची चौकशी करतो. मागच्या हिवाळ्यात नंदिनीच्या मुलीच्या लग्नात भेटला, पंगतीत माझ्या शेजारीच बसला. जिलबी, गुडघे, कल्याणचं पाणी, असं बोलणं झालं. मध्येच पानाकडे बघत म्हणाला, “हिरवी पेन्सिल चालते का रे अजून?”

मी म्हणालो, चालते.

“बरं,” तो म्हणाला, आणि वाढप्याला मठ्ठा मागितला.

टोमणा होता? की बोलायला जागा करून दिली होती, मागेही देत आलेला तशी? मी तो क्षण पुष्कळदा उलटसुलट करून बघितला. तेव्हाही संशयच घेतला मी त्याच्यावर. माणूस बदलतो म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

ती प्रत माझ्याकडे आहे. समासातला शब्द मी एकदा खोडरबराने पुसला. पुसला गेला, पण पेन्सिल दाबून धरायची सवय, पान तिरकं धरलं की वाचता येतो. पानाच्या तळाला अजून त्याचंच नाव आहे. ती ओळ चुकीची आहे, म्हणून इथे नीट लिहितो. गौरीबाई वाचोत, नंदिनी वाचो, भोईरकाकांना कुणी वाचून दाखवो, सुहास वाचो किंवा न वाचो.

ही दुसरी प्रत अविनाश दत्तात्रय करमरकर याने छापली. पेन्सिलीच्या खुणा त्याच्या. ती त्यानेच दुसऱ्याला दिली, आणि विचारलं तेव्हा एकच काढली असं सांगितलं.